डॉ. कमल रणदिवे : विषाणू आणि कर्करोगाचे नाते शोधणाऱ्या संशोधक

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की पुरते. कशासाठी, हे कोणी विचारत नाही. पंजाब मेलने मुंबई, तिथे कोणातरी नातेवाइकाकडे पथारी, आणि सकाळी उठून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात कागदांची पिशवी घेऊन रांगेत उभे राहणे. नई सडकेवरच्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांनी ही फेरी केली आहे. कोणी बरे होऊन आले, कोणी नाही आले.

याच परळच्या आवारात एका मराठी बाईने अनेक वर्षे उंदरांच्या पिंजऱ्यांजवळ बसून एका प्रश्नाचा माग काढला. कर्करोग विषाणूमुळे होतो का, आणि होत असेल तर सगळ्यांनाच का होत नाही? त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. आपल्या संकेतस्थळावर मराठी माणसांच्या ओळखी देताना त्यांचे नाव आमच्या यादीत होतेच. पण लेख आत्ता लिहायला घेतला त्याला एक निमित्त झाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी गोष्ट निघाली. सासूबाईंचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेले, आणि घरात तान्हे बाळ. कोणीतरी मोबाइलवर वाचले होते की स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू दुधातून जातो. झाले! सासूबाईंची ताटवाटी वेगळी निघाली, बाळाला त्यांच्या मांडीवर द्यायचे की नाही यावर कुजबुज सुरू झाली, आणि सुनेने अंगावर पाजावे का, इथपर्यंत मजल गेली. मोबाइलवरचा तो मजकूर अगदीच निराधार नव्हता. तो उंदरांबद्दल खरा होता. माणसांबद्दल मात्र नव्हता. हा फरक ज्या संशोधनातून कळतो त्यात रणदिवेबाईंचा मोठा वाटा आहे, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिला आहे.

पुणे ते परळ

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलींनी चांगले शिकलेच पाहिजे, असे मानणारे ते घर होते. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही केले नाही. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. १९४३ साली एम. एस्सी. झाल्या त्या सीताफळ-रामफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींचा आणि गुणसूत्रांचा अभ्यास करून! पुढे पेशींकडे पाहण्यातच ज्यांचे आयुष्य गेले, त्यांची सुरुवात सीताफळापासून झाली, याची आम्हाला गंमत वाटते.

मे १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि बिऱ्हाड मुंबईला आले. पतीने त्यांच्या पुढच्या शिक्षणाला मनापासून साथ दिली. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले होते. तिथे विकृतिशास्त्राचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने पेशींत आणि अवयवांत काय बदल होतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे शास्त्र. कमलताईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

खानोलकरांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण प्रश्न कसा विचारायचा हे या गुरूकडून शिकण्यासारखे होते. कोणत्या समाजात कोणता कर्करोग जास्त दिसतो आणि त्याचा तिथल्या राहणीशी काय संबंध, याच्या नोंदी ते बारकाईने ठेवत. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बसून तिथल्या कातडीला होणारा कर्करोग त्यांनी नोंदवला. वैद्यकाच्या पुस्तकांत तो ‘धोती कॅन्सर’ म्हणून गेला. गालात धरलेली तंबाखू, उलटी ओढलेली चिरूट यांचे परिणामही त्यांनी मांडले. हे १९४५ साली छापून आले. रोगाचे कारण एकट्या पेशीत शोधायचे नाही, माणसाच्या सवयीत, कुळात, आहारात, सगळीकडे पाहायचे, ही दृष्टी रणदिवेबाईंच्या कामात शेवटपर्यंत दिसते.

पीएच. डी. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत पेशी वाढवण्याचे तंत्र, म्हणजे ऊतीसंवर्धन, शिकण्यासाठी. आपल्याकडे दही लावताना विरजण, ऊब आणि वेळ तिन्ही जमावे लागतात, त्याहून हे काम कितीतरी नाजूक. एक जंतू शिरला की महिन्यांचे काम वाया. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी अखंड वाढू लागल्या. त्या बाईंना न विचारता घेतलेल्या या पेशी ‘हेला’ नावाने आजही जगभर वापरल्या जातात. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

परत येऊन रणदिवेबाई भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजू झाल्या. केंद्र सरकारने १९५२ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे पहिले संचालक खानोलकरच होते. बाईंनी तिथे प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे कर्करोगाची उत्पत्ती, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र असे तीन विभाग त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. १९६६ मध्ये हे केंद्र आणि टाटा रुग्णालय एका छत्राखाली आले. १९६६ ते १९७० बाईंनी संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिले.

उंदरांच्या दुधातला तो ‘घटक’

विषाणूमुळे कर्करोग होतो ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत पेटन राउस यांनी १९११ मध्येच दाखवले होते की कोंबडीच्या गाठीचा अर्क, पेशी पूर्ण गाळून काढल्यानंतरही, दुसऱ्या कोंबडीला टोचला तर तिला तशीच गाठ येते. पण तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही. राउस यांना नोबेल मिळायला १९६६ उजाडले, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे गेले होते.

रणदिवेबाईंच्या विषयाशी थेट जोडलेला शोध जॉन बिटनर यांचा, १९३६ चा. काही उंदरांच्या वंशात माद्यांना स्तनाची गाठ हमखास येई, काही वंशांत क्वचित. हे आनुवंशिक आहे असे वाटणे साहजिक होते. बिटनर यांनी एक साधी गोष्ट केली. गाठी येणाऱ्या वंशाची पिल्ले जन्मताच उचलून गाठी न येणाऱ्या वंशाच्या माद्यांकडे, म्हणजे दाईकडे, पाजायला ठेवली. ती पिल्ले मोठी झाली तेव्हा त्यांच्यात गाठींचे प्रमाण खूप घटले. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होते. त्याला आधी ‘दुधातला घटक’ एवढेच म्हणत. पुढे तो विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

आता खरा पेच सुरू होतो. तेच दूध, तोच विषाणू, तरी काही वंशांच्या पिल्लांना गाठी येत नाहीत. नरांच्या शरीरात विषाणू असूनही त्यांना सहसा काही होत नाही. ज्या माद्यांना वारंवार पिल्ले होतात त्यांना गाठी लवकर येतात. रणदिवेबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हे गुंते सोडवायला घेतले. त्यांच्याकडे संस्थेच्याच नावाने ओळखला जाणारा ‘आयसीआरसी’ उंदरांचा वंश होता, ज्याच्या माद्यांत स्तनाच्या गाठी वरचेवर येत. कोणत्या वंशात, कोणत्या वयात, शरीरातल्या संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, स्थिती काय असताना गाठ येते याचा त्यांनी अभ्यास केला. विषाणू आणि संप्रेरके यांच्या जोडीने कर्करोगाची प्रवणता ठरते, हे मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

त्यांच्यानंतरच्या संशोधनाने या कोड्याचे बरेच दुवे जुळवले आणि त्यात सर्वांत आश्चर्याची भूमिका निघाली ती रोगप्रतिकारशक्तीची. दुधातून आलेला विषाणू पिल्लाच्या आतड्यातील प्रतिकारपेशींत आधी शिरतो. तिथे तो एक असे प्रथिन तयार करतो की शरीरातील पहारेकरी पेशी मोठ्या संख्येने एकदम जाग्या होतात. एरवी एका शत्रूसाठी मोजकेच पहारेकरी धावून येतात; इथे अर्धी छावणीच उठते. या धावपळीत विषाणू ज्या पेशींत बसला आहे त्याच पेशी भराभर वाढतात आणि त्यांच्यासोबत विषाणूही. मग त्यांच्याच खांद्यावर बसून तो स्तनापर्यंत पोचतो. ज्या उंदरांत ते ठरावीक पहारेकरीच जन्मतः नसतात, त्यांना या विषाणूची बाधा नीट होतच नाही. आपण नेहमी म्हणतो की प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके बरे. या विषाणूच्या बाबतीत गडबडून जागी झालेली प्रतिकारशक्तीच चोराला घोडा पुरवते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पुड्या आणि काढे विकणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा ऐकावी.

स्तनात पोचल्यावर गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात संप्रेरकांच्या जोरावर विषाणू आणखी वाढतो. तो आपली जनुके पेशीच्या जनुकांत घुसवतो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. पण कधीतरी तो पेशीची वाढ ठरवणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि ते जनुक नको तेव्हा चालू होते. असे पहिले जनुक १९८२ मध्ये सापडले. त्यानंतरही गाठ व्हायला महिने लागतात, आणि उंदराच्या आयुष्यात महिने म्हणजे आपली कित्येक वर्षे. कुळ, दूध, संप्रेरके, प्रतिकारपेशी आणि जनुकाच्या जागेचा योगायोग, एवढे सगळे जुळावे लागते.

माणसाच्या दुधाचे काय?

उंदरात असे होते तर माणसातही होत असेल, ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. आणि तिचा शोध मुंबईतही घेतला गेला, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचे मुंबईतील डॉक्टरांच्या लक्षात आले होते. म्हणून पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. अमेरिकेतील डॅन मूर यांच्या गटाबरोबरच्या या कामात परळच्या संस्थेतील डॉ. सत्यवती शिरसाट होत्या; आपल्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम रुजवणाऱ्यांपैकी त्या एक. काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले. १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ उडाली.

पण ‘सारखे दिसणे’ म्हणजे ‘तेच असणे’ नव्हे. असे कण निरोगी स्त्रियांच्या दुधातही मिळतात आणि त्यांचा आजाराशी संबंध लागत नाही, असे पुढच्या तपासण्यांत दिसत गेले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत माणसाच्या स्तनाचा कर्करोग एखाद्या विषाणूमुळे होतो, असे सिद्ध झालेले नाही. अधूनमधून एखादा निबंध येतो, त्यावर वाद होतो, आणि गोष्ट तिथेच राहते. पारशी स्त्रियांतील जास्त प्रमाणाची कारणे आज लग्नाचे वय, मुलांची संख्या आणि आनुवंशिकता यांत शोधली जातात.

तेव्हा हळदीकुंकवातल्या त्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आजी, आई, मावशी यांना स्तनाचा कर्करोग झाला असला तरी त्यांची ताटवाटी वेगळी करण्याचे काहीही कारण नाही. त्यांनी बाळाला घ्यावे, भरवावे, अंघोळ घालावी. आणि सुनेने जरूर अंगावर पाजावे. पाजल्याने आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच होतो, हे अनेक देशांच्या अभ्यासांतून दिसले आहे. ज्या स्त्रीवर उपचार चालू आहेत तिने पाजावे की नाही हे औषधांवर अवलंबून असते. ते तिच्या डॉक्टरांनाच विचारावे.

जिथे विषाणू खरोखर दोषी आहे

याचा अर्थ माणसात विषाणूमुळे कर्करोग होतच नाही असा नाही. जगभरातील कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के कर्करोगांमागे कोणता ना कोणता संसर्ग असतो, असा २०१८ सालचा जागतिक अंदाज आहे. ‘हेपॅटायटिस बी’ यकृतात वर्षानुवर्षे राहून तिथे कर्करोग घडवू शकतो. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ नेहमीच ‘एचपीव्ही’ हा विषाणू असतो. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार या गाठींत दाखवले. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात. ज्या हेन्रिएटा लॅक्स यांचा उल्लेख वर आला, त्यांच्या पेशींतही पुढे एचपीव्ही १८ च सापडला. जगभरच्या प्रयोगशाळांत तीसहून जास्त वर्षे त्या पेशी वाढत होत्या, आणि रोगाचे कारण त्यांच्या आतच बसलेले होते.

इथेही बाधा झाली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा विषाणू एकदोन वर्षांत आपणहून घालवते. ज्यांच्यात तो ठाण मांडून राहतो, त्यांच्यातील काहींना पुढे दहा-पंधरा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा त्रास होतो. म्हणून मधली तपासणी इतकी उपयोगी पडते. प्रतिकारशक्तीला आधीच ओळख करून देण्याचाही मार्ग आहे, तो म्हणजे लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस २०२२ मध्ये मंजूर झाली. ९ ते १४ हे मुलींसाठी सर्वांत योग्य वय. ‘आमच्या मुलीला कशाला हवी असली लस’ हे वाक्य आम्ही नई सडकेवरच, चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकले आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस म्हणजे मुलीवर काही आळ, असा गैरसमज त्यामागे असतो. लस विषाणू येण्याआधी द्यावी लागते, एवढेच त्या वयाचे कारण आहे. गोवराची लस आपण गोवर येण्याची वाट पाहून देत नाही. हेपॅटायटिस बी ची लस तर जन्मानंतर २४ तासांत द्यायची असते आणि ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. प्रसूतीच्या कागदांत तिची नोंद आहे का, हे नव्या आईबापांनी नक्की पाहावे. लस घेतलेल्या स्त्रियांनीही तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी सोडू नये.

आणि आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाचा मोठा गुन्हेगार विषाणू नाहीच. तो तंबाखू आणि सुपारी आहे. रणदिवेबाईंनी आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर सुपारी-तंबाखूचे प्रयोग करून त्यांचा कर्करोगकारक परिणाम १९७६ मध्ये मांडला होता. तरी जेवणानंतर गुटख्याची पुडी फोडणारी मंडळी मंडळाच्या कार्यक्रमातही दिसतात.

कुष्ठरोगाची लस

प्रतिकारशक्तीचा धागा बाईंच्या दुसऱ्या मोठ्या कामातही आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे कोणालाच जमत नव्हते. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून, मानवी मज्जागंडाच्या पेशींच्या संवर्धनात एक जंतू वाढवला. बाल्टिमोरला शिकलेले तंत्र इथे कामी आले. हा जंतू म्हणजे खुद्द कुष्ठरोगाचाच जंतू, असे मात्र मान्य झाले नाही. तो त्याचा जवळचा भाऊबंद निघाला. पण त्याच्याशी ओळख झाली की शरीर कुष्ठजंतूलाही ओळखू लागते. कुष्ठरोगात हेच कळीचे असते. एकाच जंतूने एका माणसाला दोनचार चट्टे येतात, दुसऱ्याच्या सर्वांगात तो पसरतो; फरक त्या त्या शरीराच्या प्रतिसादात असतो. डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास या जंतूपासून लस तयार केली. दक्षिण भारतात डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चार लसींची तुलना झाली. १९९८ मध्ये निष्कर्ष आले, त्यात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. तोवर गोळ्यांच्या संयुक्त उपचाराने कुष्ठरोग झपाट्याने कमी होत होता, त्यामुळे लस घरोघरी पोचली नाही.

बाईंच्या कुष्ठरोगावरील कामाला १९६४ मध्ये वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले, आणि १९८२ मध्ये पद्मभूषण. १९७३ मध्ये त्यांनी काही सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीतील तिच्या वास्तूत वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. प्रयोगशाळेत मुली का टिकत नाहीत याचे उत्तर बाईंना पाळणाघरात दिसले होते, असे आम्ही समजतो. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केले. परदेशी शिकलेल्यांनी परत येऊन इथेच काम करावे, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत होता. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या घरातली ताटवाटी पुन्हा एकत्र झाली आहे. सासूबाई बाळाला रोज संध्याकाळी गच्चीवर घेऊन बसतात. ज्या वाचकांच्या घरी ९ ते १४ वयाच्या मुली आहेत, त्यांनी लसीविषयी आपल्या बालरोगतज्ज्ञांना किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारावे, एवढी विनंती.